नावाच्या रकान्यात आडनाव



वैशाखाच्या उकाड्यात दिवसभर भाजून निघावे आणि संध्याकाळी येथे येऊन विद्वानांच्या तोंडून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकाव्यात, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ. आमची जागाही ठरलेली. अगदी मागे, भिंतीला पाठ लावून. यंदा चालकांनी आम्हाला भिंतीपासून उठवून या टेबलामागे उभे केले. त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, नव्या कामगार संहितांवर बोलू. ते आम्ही कारखान्यांच्या गेटवर नेहमीच बोलतो. आज आम्ही एका बारशाची गोष्ट घेऊन आलो आहोत.

आरंभीच एक सांगून टाकतो. आम्ही पंडित नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, आमचे वडील ट्रंक घेऊन गावी परतले आणि आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभेत झाले. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक आढळले तर पदरात घ्यावे.

गोष्ट अशी. महाडच्या एम. आय. डी. सी.त ठेकेदाराकडे काम करणारा पोलादपूर तालुक्यातला एक तरुण गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे आला. त्याला मुलगी झाली होती. पंचांग पाहून भटजींनी अक्षर काढून दिले होते ‘सु’. शततारका नक्षत्राचे चौथे चरण. घरच्यांनी सुशीला, सुनीता, सुमन, सुलभा अशी यादी केली होती. हा पठ्ठ्या म्हणाला, “काका, मी मुलीचं नाव ‘सुर्वे’ ठेवणार.”

आम्हाला वाटले, आपण ऐकण्यात चुकलो. “अरे, ते तर आडनाव!”

“हो. पण नारायण सुर्व्यांचं आहे ना?”

आता कामगार चळवळीत वाढलेल्या माणसापुढे हे नाव घेतल्यावर तो काय बोलणार? नारायण सुर्वे हे मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने ते उचलून घरी नेले, त्याने आणि काशीबाईंनी वाढवले, आणि आपले आडनाव त्याला दिले. त्या मुलाने शाळेत शिपायाचे काम केले, मग शिक्षकाचे. १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हा काव्यसंग्रह दिला आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०१० साली ते गेले. आडनाव म्हटले की आपण कूळ विचारतो, जात हुडकतो. येथे आडनाव रक्तातून आलेलेच नव्हते. ते एका गरीब माणसाच्या दयेतून आलेले होते. आम्ही त्या तरुणाची पाठ थोपटली. मनातल्या मनात बारशाची बातमीसुद्धा तयार केली. कामगाराच्या लेकीला कामगार कवीचे नाव! पुढे आमच्या या उत्साहाची चांगलीच जिरली. ते यथावकाश सांगतो.

पहिला विरोध घरातून झाला. मुलीची आजी, वय सत्तरीपलीकडचे. आम्ही समजूत घालायला म्हणून गेलो, तर तिने आम्हालाच धारेवर धरले. “अवो, पोरीला हाक कशी मारायची? ‘सुर्वे, भाकर खा’ आसं? आडनावानं हाक मारत्यात ती मुकादम न् पोलीस!” आम्ही निरुत्तर झालो. म्हातारी खरेच बोलत होती. आडनावाने हाक कोठे मारतात? मस्टरवर, पलटणीत, ठाण्यात. ‘शिंदे, इकडे या’ म्हटले की शिंद्याच्या पोटात गोळा येतो. माया असते तेथे नाव असते. हुकूम असतो तेथे आडनाव.

दुसरी अडचण आली जन्मनोंदणीच्या टेबलावर. तेथील गृहस्थ म्हणाले, “रकाना चुकला. इथे मुलीचं नाव लिहा.” हा म्हणाला, “तेच लिहिलंय.” ते म्हणाले, “असं चालत नाही.” तो हिरमुसून आमच्याकडे आला. ‘चालत नाही’ हे दोन शब्द ऐकले की आम्ही कायदा काढून बसतो. ती आमची जुनी खोड आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा अधिनियम १९६९ चा. जन्म २१ दिवसांत कळवावा, असे तो सांगतो. नाव ठरले नसेल तर जन्माची नोंद नावावाचून होते; नोंदीपासून १२ महिन्यांत नाव फुकट घालता येते, आणि पुढे विलंबाचे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण नाव कोणते असावे, आडनावासारखे नसावे, अमुक अक्षराने संपावे, असे त्यात कोठेही नाही. आपल्या देशात नावांची सरकारी यादी नाही. आम्ही त्या गृहस्थांना हे नम्रपणे दाखविले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले, आणि लिहून घेतले. तेही बिचारे कामाच्या ओझ्याखालचे नोकरदारच.

आता कोणी म्हणेल, हा सारा विक्षिप्तपणा आहे. तर जगात काय चालते ते थोडे पाहू. तामिळनाडूत करुणानिधींना १ मार्च १९५३ रोजी मुलगा झाला. चारच दिवसांनी, ५ मार्चला, मॉस्कोत स्टॅलिन वारले, आणि मुलाचे नाव स्टॅलिन ठेवले गेले. तेच एम. के. स्टॅलिन २०२१ साली तेथील मुख्यमंत्री झाले. मजा अशी की, स्टॅलिन हे मूळचे आडनावही नव्हे. त्या गृहस्थाचे आडनाव जुगाश्विली. ‘स्टॅलिन’, म्हणजे पोलादी पुरुष, हे त्याने घेतलेले नाव. पोलादपूरकरांना ते जवळचे वाटायला हरकत नाही!

पण हे झाले मुलाचे. मुलीचे पाहायचे तर इंग्लंडकडे वळावे लागेल. ‘शर्ली’ हे तेथे गावाचे आणि घराण्याचे नाव. शार्लट ब्राँटी या लेखिकेने १८४९ साली त्याच नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातल्या आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. मग मुलासाठी राखून ठेवलेले घराण्याचे नाव त्यांनी तिलाच दिले. त्या काळी ते कानाला विचित्र लागले असेल. पण पुढच्या शंभर वर्षांत ते इतके रुळले की आज शर्ली म्हटले की मुलगीच डोळ्यांपुढे येते. लोकांच्या जिभेला नावाची सवय व्हायला फार दिवस लागत नाहीत.

उलट आइसलंड देशात नावांची यादी आहे आणि ती सांभाळणारी समितीही आहे. तेथे एका मुलीचे नाव आईने ‘झुळूक’ अशा अर्थाचे ठेवले. शब्द व्याकरणाने पुल्लिंगी, म्हणून समितीने तो नाकारला. पंधरा वर्षे त्या मुलीच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसते ‘मुलगी’ असे लिहिलेले होते. शेवटी २०१३ साली न्यायालयाने तिला तिचे नाव दिले.

‘नुसते मुलगी’ हे वाचून आम्हाला आंबेनळी घाट आठवला. पोलादपूरहून तो घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेने एक समारंभ केला, आणि २८५ मुलींनी एकाच दिवशी आपली नावे बदलली. त्या सगळ्यांचे नाव एकच होते: नकुसा. नको असलेली. मुलावर मुलगा व्हावा तेथे मुलीवर मुलगी झाली की तिला हे नाव देत. आपण खाली कोकणात राहतो म्हणून हसू नये. सोयरिकी घाटाच्या दोन्ही अंगांना आहेत. त्या मुलींनी शाळेच्या पटावर, परीक्षेच्या कागदावर, स्वतःच्या हाताने ‘मी नको आहे’ असे लिहिले होते. ज्या समाजाला नकुसा हे नाव चालते आणि सुर्वे हे चालत नाही, त्या समाजाच्या कानाची तपासणी करायला हवी.

बंधुभगिनींनो, हा कान कोणी घडवला? उत्तर आपल्याच गावात आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला याच महाडात सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावाप्रमाणे मनुस्मृतीचे दहन झाले. आम्ही तरुणपणी विचार केला, जाळले ते ठीक. पण होते काय त्यात, ते तर वाचू. वाचनालयातून भाषांतर आणले. दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक, आणि शूद्राचे? तुच्छतादर्शक. आणि स्त्रियांचे नाव उच्चाराला सोपे, कठोर नसलेले, मन रमवणारे, शेवटी दीर्घ स्वर असलेले. एवढ्यावर थांबले नाही. तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, जिचे नाव नक्षत्रावरून, झाडावरून, नदीवरून, डोंगरावरून ठेवलेले असेल, अशा मुलीशी लग्न करू नये.

म्हणजे पाहा. रोहिणी गेली, तुळसा गेली, गंगा-यमुना-गोदावरी गेल्या. आपल्या महाडला सावित्री आणि गांधारी अशा दोन नद्यांचा शेजार. त्या नद्यांवरून लेकीचे नाव ठेवावे तर तिचे लग्नच नको! सुदैवाने आपल्या आयाबायांनी हा नियम कधी मानला नाही. त्यांनी मुलींना नद्यांची नावे दिली, झाडांची दिली आणि त्या मुलींची लग्नेही झाली. जाळण्यापूर्वीच आपल्या बायकांनी त्या पुस्तकाचे हे एक पान गुपचूप फाडले होते. पण दुसरे पान शिल्लक राहिले. मुलीचे नाव कानाला गोड हवे, कोणाला न टोचणारे हवे, हा हट्ट अजून आपल्या घराघरांत आहे. मुलाचे नाव ठेवताना आपण पराक्रम पाहतो. मुलीचे ठेवताना गोडवा.

आणि आडनाव? ते तर पुरुषांचेच. पोलादपूर तालुक्यात उमरठ गाव आहे. ‘मालुसरे’ म्हटले की आपल्यापुढे एकच माणूस उभा राहतो, हातात ढाल-तलवार घेतलेला. आमच्या चळवळीतही तेच. डांगे म्हटले की श्रीपाद अमृत डांगे. मोरे म्हटले की महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी झटलेले आणि पुढे आयुष्यभर लाल बावट्याखाली राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे. आणि बायका? गोदूताई, अहिल्याताई, उषाताई. गोदावरी परुळेकर माहेरच्या गोखले. अहिल्या रांगणेकर माहेरच्या रणदिवे. वारल्यांना वेठबिगारीतून उठविणारी बाई, मुंबईच्या मोर्चांत पुढे चालणारी बाई, पण आम्ही त्यांना ताई करून घरात घेतले. त्यात प्रेम होते, हे आम्ही नाकारत नाही. पण ‘परुळेकर’ म्हटले की कानाला पुरुषच ऐकू येतो, हेही खरे.

वास्तविक आडनाव ही काही आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. गावावरून पडले, हुद्द्यावरून पडले, धंद्यावरून पडले. शाळेचे रजिस्टर, पलटणीची यादी आणि गिरणीचे मस्टर यांनी ते पक्के केले. खुद्द बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. गाव सावित्रीपलीकडे मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यावरून आंबडवेकर, आणि पुढे आंबेडकर. पुरुषाला आडनाव बदलता येते, मिळवता येते, गाजवता येते. बाईला ते फक्त टाकावे लागते आणि घ्यावे लागते.

आता त्या घरी परत जाऊ. आम्ही ओटीवर बसलो होतो. एकीकडे आजी, दुसरीकडे मुलीचा बाप, मध्ये आम्ही. कवी, चळवळ, कायदा, सारे सांगून झाले. आम्ही रंगात आलो होतो. तेवढ्यात आतल्या दाराशी मूल मांडीवर घेऊन बसलेली मुलीची आई म्हणाली, “काका, एक सांगू का?”

आम्ही म्हटले, “सांग की, पोरी.”

“ते कवी मोठे असतील. मी त्यांचं काही वाचलं नाही. पण सुर्वे हे माझ्या माहेरचं आडनाव आहे.”

ओटीवर सामसूम झाली.

ती पुढे म्हणाली, “आम्ही दोघी बहिणी. भाऊ नाही. दोघींची लग्नं झाली, बाबा गेले. आता आमच्या घरात सुर्वे कुणीच नाही. ह्यांनी ते नाव काढलं तेव्हा मला बरं वाटलं. मी बोलले नाही, कारण कवीचं म्हणून तरी ठेवतील. माझं म्हणून कोण ठेवणार?”

बंधुभगिनींनो, तीस वर्षे आम्ही भाषणे करीत आलो आहोत. बोलून बोलून घसा बसला असेल, पण बोलायला शब्दच नाही असे क्वचित झाले. त्या दिवशी झाले. आम्ही दोन तास त्या तान्ह्या मुलीवर आमचा झेंडा लावीत होतो. तिच्या बापाला कवी दिसत होता, आम्हाला बातमी दिसत होती, टेबलावरच्या गृहस्थाला रकाना दिसत होता. जिने नऊ महिने पोटात वागवली तिला कोणी विचारलेच नव्हते.

परतताना आम्हाला आमचेच लग्न आठवले. आमच्या मंडळींचे माहेरचे नाव चांगले होते. तरीही रीत म्हणून तांदळाच्या ताटात अंगठीने आम्ही नवे नाव लिहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी सासूबाई वारल्या तेव्हा माहेरच्या म्हाताऱ्यांनी ‘अगं’ म्हणून जुन्या नावाने हाक मारली आणि आमच्या मंडळी वळल्या. तो चेहरा आम्ही त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. ते नाव आम्ही येथे सांगत नाही. ते त्यांचे आहे. आम्ही एकदा घेतले, पुन्हा घेणार नाही.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे; भाकरीचीही आहे. आमच्याकडे कामावर गेलेल्या नवऱ्याच्या फंडासाठी विधवा भगिनी येतात. नवऱ्याने अर्जात लिहिलेले बायकोचे नाव सासरचे, आधार कार्डावर माहेरचे, बँकेच्या पासबुकात तिसरेच. तिघी एकच बाई आहेत हे सिद्ध करता करता महिने जातात. हक्काचे पैसे असतात, आणि ती बाई स्वतःच्याच नावाच्या पुराव्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवीत असते. लग्न झाले म्हणून बाईने नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे, असा कायदा या देशात नाही; हे आम्ही आता प्रत्येक सभेत सांगतो.

काळ काही अगदीच थांबलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचे नाव सरकारी कागदांवर लिहिताना आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहावे. चांगली गोष्ट आहे. १ मे हा आमचा दिवस, म्हणून आम्हाला ती अधिकच गोड वाटली. आई कागदावर आली. पण आली ती एकटीच. तिचे माहेर मागेच राहिले. या तरुण आईने ते माहेर उचलून पहिल्या रकान्यात नेऊन ठेवले, जेथून कोणतेही लग्न ते हलवू शकणार नाही. आडनाव नावाच्या जागी ठेवण्यात एवढी शक्ती आहे, हे आम्हाला पुस्तकांनी शिकवले नव्हते.

तरीही उठसूट सगळ्यांनी असे करावे, असे आम्ही म्हणणार नाही. नाव आपण ठेवतो, पण वागवायचे असते मुलाला. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. ‘हे नाव का?’ असे शाळेत कोणी विचारले तर मुलीला एका वाक्यात, मान खाली न घालता, उत्तर देता आले पाहिजे. त्या नावाने घरात मायेची हाक मारता आली पाहिजे. आजीचा आक्षेप खोटा नव्हता. आणि नावावर आपल्या पक्षाचा, पंथाचा, पुढाऱ्याचा बोजा नसावा. पुढारी घसरतात, स्टॅलिनचे पुतळे त्याच्याच देशात उतरवले गेले. मुलीला उद्या नाव नकोसे झाले तर सज्ञान झाल्यावर राजपत्रात प्रसिद्ध करून ते बदलण्याची मोकळीक तिला आहे, आणि तिने ती वापरली तर आपण रुसू नये. एक व्यवहाराची सूचना: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. तेव्हा नाव काहीही ठेवा, पण पहिल्याच दिवशी शुद्ध लिहून घ्या, आणि ऱ्हस्व-दीर्घासकट सगळीकडे एकच ठेवा.

बारसे झाले. आम्ही बोलावल्यावरून गेलो, बातमी मात्र दिली नाही. हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या गेल्या. आत्याने पाळण्यात वाकून मुलीच्या कानात ‘कुर्र’ केले आणि नाव सांगितले: सुर्वे. बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. एकीने विचारले, “हे कुणाचं गं नाव?” मुलीची आई पाळण्याची दोरी ओढीत म्हणाली, “माझं.” नवरा शेजारीच उभा होता. त्याने कवीचे नाव काढले नाही. आमच्या मते त्या दिवशी तो खरा कार्यकर्ता झाला.

आजीने हट्ट सोडला का? छे! तिने आपल्यापुरता मार्ग काढला. परवा आम्ही त्या घरावरून गेलो तेव्हा म्हातारी अंगणात नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालीत होती आणि हाका मारीत होती, “सुरू, माझी सुरू!” सुरू हे किनाऱ्यावरच्या झाडाचेही नाव आहे. म्हणजे मनूच्या हिशेबाने पुन्हा पंचाईतच! पण त्या मुलीच्या घरी आता मनूला कोणी विचारत नाही. विचारले जाते ते तिच्या आईला.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या आईचे, आजीचे, घरातल्या सुनेचे माहेरचे नाव आणि आडनाव काय होते ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ठाऊक नसेल, तर आजच विचारा. काही माणसे उद्या सांगायला नसतात.